फोनवरचा डॉक्टर ‘दवाखान्यात न्या’ म्हणाला, मग उपयोग काय?

पत्र

डॉक्टर ताई, नमस्कार. आमचं गाव माजलगावपासून बरंच आत आहे. दवाखान्यात जायचं म्हणजे फाट्यापर्यंत दुचाकी, तिथून काळी-पिवळी, आणि घरातल्या एकाचा रोज बुडतो. माझे दीर पुण्याला कंपनीत आहेत. त्यांनी आमच्या फोनवर ई-संजीवनी हे डॉक्टरांशी बोलायचं ॲप टाकून दिलं. भादव्यात माझ्या तीन वर्षांच्या लेकाला सर्दी-खोकला आणि ताप होता, म्हणून फोनवर डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लेकराचा सदरा वर करायला लावला, थोडा वेळ नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, आत्ताच दवाखान्यात न्या. नेलं. न्यूमोनिया निघाला, ठेवून घेतलं. आता लेकरू चांगलं खेळतंय. पण सासूबाई तेव्हापासून म्हणतात, “शेवटी दवाखान्यातच जायचं व्हतं तर त्या मोबाईलातल्या डाक्टरचा काय उपेग? नाडी धरल्याबिगर कुणाला काय कळतंय?” मात्र दिवाळीत त्यांच्याच पायाची खाज फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मलमाने गेली. त्यांना बीपी आणि शुगरही आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे डॉक्टर खरे असतात का? कोणत्या दुखण्याला फोन करावा आणि कोणत्याला करू नये? आणि सासूबाईंना काय सांगू?

एक वाचक, माजलगाव तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

लेकरू खेळतंय हे वाचून बरं वाटलं. त्याच्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्या एका कॉलमध्येच आहेत.

सदरा वर करून डॉक्टर ‘नुसतं बघत’ नव्हते, ते श्वास मोजत होते. सर्दी-खोकल्याच्या लेकराला न्यूमोनिया झालाय का, हे ओळखायची पहिली खूण स्टेथोस्कोपने ऐकायची नसते, डोळ्यांनी बघायची असते. एक ते पाच वर्षांचं लेकरू मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल तर तो जलद श्वास. दोन महिने ते एक वर्षापर्यंत हा आकडा ५०, आणि दोन महिन्यांच्या आत ६०. त्यातच श्वास आत घेताना बरगडीच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, तर थांबायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत ठरवली ती डॉक्टर नसलेल्या ठिकाणी आरोग्यसेविकेला, आशाताईला वापरता यावी म्हणूनच. मिनिटभर पोट वर-खाली होताना दिसलं पाहिजे आणि लेकरू रडत नसलं पाहिजे, एवढीच अट. ती अट फोनवर पुरी होते.

आता त्या दिवशी फोन केलाच नसता असं धरा. सर्दीच तर आहे, तुळशीचा काढा देऊ, उद्या बाजारच्या दिवशी जाऊ म्हणजे दोन्ही कामं होतील. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच होतं, आणि त्यात कुणाची हयगय नसते. रोज बुडवून, दोन गाड्या बदलून जायचं, तर आज जायलाच पाहिजे का हे कुणीतरी सांगावं लागतं. ते त्या डॉक्टरांनी सांगितलं. औषध एकही दिलं नाही, तरी त्या संध्याकाळी लेकराला सगळ्यात जास्त गरज ज्या गोष्टीची होती ती त्यांनीच दिली. ‘दवाखान्यात न्या’ हाच त्या कॉलचा उपचार होता. वेळेवर ‘जा’ म्हणणारा आणि गरज नसताना ‘जाऊ नका, घरीच बरं होईल’ म्हणणारा, या दोन्हींसाठी फोनवरचा डॉक्टर वापरायचा.

सासूबाईंच्या शंकेला मात्र मी हसणार नाही, तुम्हीही हसू नका. नाडी धरल्याशिवाय, पोट दाबून बघितल्याशिवाय, छातीला नळी लावल्याशिवाय बरंच काही कळत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. फोनवरच्या डॉक्टरला तुम्ही दाखवाल तेवढंच दिसतं आणि तुम्ही सांगाल तेवढंच कळतं. त्याचे हात तुम्ही असता. म्हणून कॉलच्या आधीची दहा मिनिटं कॉलपेक्षा महत्त्वाची, पण त्याकडे मी नंतर येते. त्याआधी एक मधला रस्ता सांगते, तो तुमच्या पत्रात कुठेच नाही म्हणून.

तुमच्या गावाला धरून एक आरोग्य उपकेंद्र असेल, आता त्याच्या भिंतीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं दिसतं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ई-संजीवनीचं एक रूप तुमच्या फोनवर आहे, दुसरं तिथे आहे. तिथे ते अधिकारी सासूबाईंचं बीपी घेतात, बोटाला टोचून साखर बघतात, ताप-नाडी बघतात, आणि मग पडद्यावर डॉक्टरांना जोडून देतात. डॉक्टर लिहून देतील त्यातली जी औषधं केंद्रात असतील ती तिथेच फुकट मिळतात. सासूबाईंना हवा असलेला नाडी धरणारा हात तिथे आहे. तुमच्या आशाताईंना विचारा, अधिकारी कोणत्या दिवशी, किती वाजता बसतात. वृद्ध माणसाचा पहिला कॉल मी तर उपकेंद्रातूनच करायला सांगेन.

हे डॉक्टर खरे असतात का? ई-संजीवनी ही भारत सरकारची सेवा आहे, सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेच्या मोहालीच्या केंद्राने उभी केलेली. उपकेंद्रांतून ती २०१९ मध्ये सुरू झाली आणि घरून बोलायची सोय एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत. २०२३ च्या सुरुवातीलाच देशभरात १० कोटी सल्ल्यांचा टप्पा तिने ओलांडला होता. पैसे लागत नाहीत. मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो, मग टोकन मिळतं, नंबर आला की डॉक्टर दिसतात आणि बोलणं संपल्यावर चिठ्ठी फोनवर येते. ती चिठ्ठी मेडिकलवर दाखवली की औषध मिळतं.

खासगी ॲपवाले आणि तालुक्याच्या गावचे ओळखीचे डॉक्टरही फोनवर बघतात, त्यांनाही नियम आहेत. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोनवरच्या उपचारांची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांप्रमाणे फोनवर फक्त नोंदणी असलेल्या डॉक्टरनेच उपचार करायचे, आणि चिठ्ठीवर त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. नुसत्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये गोळ्यांची नावं आली, खाली ना नाव ना नंबर, तर ते औषध घेऊ नका. लहान लेकरू असेल तर सोबत मोठं माणूस कॉलवर हवं. झोपेच्या आणि नशेच्या काही गोळ्या फोनवर लिहून द्यायला बंदी आहे, कुणी देतो म्हणत असेल तर तो डॉक्टर बरोबर नाही असं समजा. आणि एक नियम फारच थोड्यांना ठाऊक आहे: पेशंट स्वतः यायला तयार असेल, प्रत्यक्ष तपासा म्हणत असेल, तर ‘फोनवरच बघतो’ असा आग्रह डॉक्टरला धरता येत नाही. हे सासूबाईंना जरूर सांगा.

फसवणाऱ्यांचंही सांगून ठेवते. ई-संजीवनीत शिरताना येणारा ओटीपी तुम्ही स्वतः टाकायचा असतो. फोन करून कुणी ओटीपी विचारला, फी म्हणून दहा रुपये पाठवायला एखादी लिंक दिली, किंवा ‘अपॉइंटमेंटसाठी हे ॲप टाका’ म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली, तर फोन ठेवून द्या. दवाखान्याचा नंबर गुगलवर शोधून लावू नका, जुन्या चिठ्ठीवरचा लावा.

आता कोणती दुखणी फोनवर बघता येतात.

साधी सर्दी, घसा दुखणं, अंग कणकणणं, पहिल्या-दुसऱ्या दिवसाचा ताप, पित्त, जुलाब, डोळे येणं, खाज-पुरळ, पाळीच्या तक्रारी, चालू असलेल्या औषधांचा आढावा, रक्ताचा रिपोर्ट दाखवणं. एवढ्यासाठी फोन चांगला. पण यातल्या दोन-तीन गोष्टींवर मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या भागात घोळ होतो तो इथेच.

पहिला ताप. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, चिकुनगुनिया सगळेच तापाच्या रूपात येतात, आणि पहिल्या दिवशी ते वेगळे ओळखू येत नाहीत, समोर बसलेल्या डॉक्टरलाही नाहीत. फोनवर डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतील, भरपूर पाणी प्या म्हणतील, आणि तिसऱ्या दिवशीही ताप असला तर रक्त तपासा म्हणतील. हा सल्ला फुसका वाटतो, पण बरोबर असतो. घाई करून अंगदुखीची सुई घेणं किंवा मेडिकलवरून दुखण्याची जोरदार गोळी आणणं हे डेंग्यूत घातक ठरू शकतं, कारण त्यातल्या कित्येक औषधांनी रक्तस्राव वाढतो. डेंग्यूची आणखी एक खोड लक्षात ठेवा: ताप उतरतो तेव्हाच धोका वाढू शकतो. ताप गेला पण पोट जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून-नाकातून रक्त येतंय, माणूस गळून गेलाय किंवा बेचैन आहे, तर फोन न करता दवाखाना गाठायचा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर पहिल्या तासापासूनच दवाखाना.

तापासोबत सलाईनचंही बोलायला हवं. ‘एक बाटली लावली की अंगात ताकद येती’ हे मी रोज ऐकते. तोंडाने पाणी, पेज, ताक जात असेल तर बाटलीतल्या मीठपाण्याने जास्तीचं काही होत नाही, खर्च मात्र होतो. फोनवरचा डॉक्टर सुई देत नाही म्हणून तो कमी, असं मोजू नका. तसंच अँटिबायोटिकचं. साध्या सर्दी-पडशाला ते लागत नाही, तेव्हा डॉक्टरने नाही लिहिलं तर ‘जरा स्ट्राँग द्या’ म्हणून मागे लागू नका. गेल्या वेळच्या उरलेल्या गोळ्याही काढून देऊ नका.

आणि लेकरांना खोकल्याचं सिरप. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे दूषित सिरपमुळे लहान लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली, त्यातली कित्येक उपचाराला आपल्या नागपूरला आणलेली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला खोकल्या-सर्दीची सिरपं देऊच नयेत आणि पाच वर्षांच्या आत शक्यतो टाळावीत. तुमचा लेक तीन वर्षांचा आहे. कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, चांगलं खाणं, आणि श्वासावर नजर, एवढ्यावर बहुतेक सर्दी-खोकले निघून जातात. डॉक्टरने सिरप लिहिलं नाही तर त्याने टाळाटाळ केली असं नाही.

दुसरे जुलाब. इथे फोनवरचा सल्ला उत्तम चालतो, कारण औषध घरीच असतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच टाकायचं, चिमूट-चिमूट ग्लासात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मेडिकलवर मिळणारी गोड पेयं ओआरएसच्या जागी देऊ नका, जास्त साखरेने जुलाब वाढतात. लहान लेकराला १४ दिवस झिंक देतात, जुलाब थांबले तरी ते पूर्ण करायचं. डॉक्टर तुम्हाला विचारतील: लघवी शेवटची कधी झाली? रडताना डोळ्यांतून पाणी येतं का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर जाते का? शौचातून रक्त? ही उत्तरं बघून ठेवा. लेकरू सुस्त पडलं, पाणीसुद्धा पीत नाही, डोळे खोल गेले, तर कॉल नको, थेट दवाखाना.

तिसरी खाज, आणि इथे सासूबाईंची गोष्ट कामाला येते. मांड्यांत, कमरेला गोल चकंदळ उठतं, गजकर्ण. उन्हात राबणाऱ्या, घामात ओल्या कपड्यांत राहणाऱ्या माणसांना हे होणारच. परवा एका बाईंनी व्हिडिओवर पाय दाखवला. मी विचारलं, काय-काय लावलंत, सगळं आणा. त्यांनी फळीवरचा डबा आणून फोनसमोर उपडा केला. अर्धवट पिळलेल्या, शेपट्या गुंडाळलेल्या कितीतरी ट्यूबा. एकेक ट्यूब कॅमेऱ्याजवळ धरून वाचून घेतली, तर जवळपास प्रत्येकीत स्टेरॉइड. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी मोकाट पसरते. मग चकंदळाची कडाही नीट दिसत नाही, डॉक्टरलाही ओळखता येत नाही. त्या ट्यूबा बंद करून नुसतं बुरशीचं मलम दिलं आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचं असं बजावलं. सासूबाईंची खाज गेली ती बहुधा असंच योग्य मलम मिळालं म्हणून. पण तीच ट्यूब आता शेजारच्या घरात जाऊ देऊ नका. आणि त्यांना शुगर आहे, म्हणून पायाला भेग, फोड, काळा डाग, बोटांत ओल दिसली तर ते फोनवर न ठेवता दाखवून आणायचं.

त्वचेचा फोटो पाठवायचा तर दिवसाच्या उजेडात, दाराजवळ, एक जवळून आणि एक लांबून काढा. फ्लॅश मारू नका. आणि चांगलं दिसावं म्हणून आधी काही लावू नका, तेलही नाही.

डोळे येणं फोनवर चालतं. पण डोळ्यात कळ मारतेय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, किंवा मळणी-तोडणी करताना कुसळ-काडी लागलीय, तर नाही. तिथे मेडिकलवरून आणलेले स्टेरॉइडचे थेंब डोळा घालवू शकतात. उन्हाळी लागली, लघवीला जळजळ होतेय, तर फोनवर बोला, पण लघवीची तपासणी सांगितली तर करा. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखलं किंवा दिवस गेलेले असतील तर प्रत्यक्ष.

आता जे फोनवर न्यायचंच नाही. पान लागलं, म्हणजे साप चावला, की थेट दवाखाना. मांत्रिक नाही, आवळून बांधणं नाही, आणि व्हिडिओ कॉलही नाही. विंचू चावला आणि दंशाच्या कळेबरोबर घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर तेच. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, त्याने माणसं वाचतात, पण ते औषध बीपी आणि नाडी बघत-बघत द्यायचं असतं, पेशंटजवळ बसून. कपाशीवर फवारणी करताना मळमळलं, डोळ्यांना अंधारी आली, तोंडाला लाळ सुटली, तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन निघा. छातीत दाब, जबड्यात-डाव्या हातात दुखणं, घाम. याला ‘गॅस’ म्हणू नका, शुगरवाल्यांना तर कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसती धाप लागते. तोंड वाकडं होणं, हात उचलत नाही, बोबडं बोलणं, म्हणजे लकवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारी सुई साडेचार तासांच्या आत द्यावी लागते, आणि त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. चैत्र-वैशाखात उन्हातून आलेलं माणूस बरळायला लागलं, बेशुद्ध झालं, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि हलवा. गरोदर बाईला रक्तस्राव, झटके, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी. या सगळ्याला १०८ लावा, माजलगाव, बीड किंवा अंबाजोगाईचं स्वाराती सरकारी रुग्णालय, जवळचं जे असेल ते. व्हिडिओच्या टोकनची वाट बघण्यात गेलेली दहा मिनिटं इथे परवडत नाहीत.

कॉलच्या आधीची तयारी सांगते. घरात थर्मामीटर ठेवा, हाताने कपाळ बघून ‘लई ताप हाय’ यावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही. १०० की १०३, आणि किती वाजता, हे लिहा. लेकराचं वजन अंगणवाडीच्या नोंदीतून घेऊन ठेवा, त्याचं औषध वयापेक्षा वजनावर ठरतं. घरात असलेली तापाची बाटली हातात घ्या आणि लेबल वाचून दाखवा: पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. ‘एक चमचा दिला’ म्हणाल तर दुप्पट फरक पडतो, आणि चमचाही घरचा नको, बाटलीसोबतचं माप घ्या. चालू गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा. कोणत्या औषधाने पूर्वी पुरळ आलं, श्वास लागला, ते पहिल्यांदा सांगा. बोलताना दुखणं कधी सुरू झालं तिथून सुरू करा, कुणी दृष्ट लावली ते नंतर. रेंज गच्चीवरच येत असेल तर गच्चीवर बसा, पण पेशंटला उजेडाकडे तोंड करून. व्हिडिओ अडकत असेल तर फोटो पाठवून नुसत्या आवाजावर बोललं तरी नियमात बसतं. आणि फोन ठेवायच्या आधी डॉक्टरला हा एक प्रश्न विचाराच: काय झालं तर मी वाट न बघता दवाखान्यात यायचं, आणि काहीच नाही झालं तरी पुन्हा कधी दाखवायचं? उत्तर कागदावर लिहून चुलीजवळ चिकटवा, म्हणजे तुम्ही रानात असलात तरी घरातल्या माणसाला दिसेल.

तुमच्यासाठी एक वेगळं सांगायचं आहे. अंगावरून जाणं, पाळी लांबणं, खाली खाज, मनाला उदास वाटणं, हे बाया वर्षानुवर्षं अंगावर काढतात, कारण तालुक्याला जायला कारण सांगावं लागतं आणि सोबत कुणीतरी यावं लागतं. फोनवर हे बोलता येतं, बाई डॉक्टर मागताही येते. पण घरात फोन एक आणि तो पुरुषांच्या हातात, हेही मला ठाऊक आहे. दुपारी सगळे रानात गेल्यावर कॉल करा. खोलीत कुणी असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरला सांगा, मग ते हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न विचारतील. झाकलेल्या अंगाचा फोटो कुणी मागितला तर पाठवू नका, ते तपासणं समोरासमोर बाई डॉक्टरकडेच व्हायला हवं. आणि मनाचं दुखणं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

शेवटी सासूबाई. त्यांना पटवायला जाऊ नका, त्यांना कॉलवर बसवा. बीपी-शुगर हे फोनवर सांभाळायला सगळ्यात योग्य दुखणं आहे, एकदा नीट प्रत्यक्ष तपासणी झालेली असेल तर. मात्र दरवर्षी डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडाचं रक्त, पायाच्या संवेदना हे समक्षच बघावं लागतं. मधल्या महिन्यांत डॉक्टरला हवे असतात आकडे. दंडाला पट्टा लावायचं डिजिटल मशीन मिळालं तर घ्या, नाहीतर उपकेंद्रात मोजून घ्या. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, हात छातीच्या उंचीवर, बोलायचं नाही. सकाळ-संध्याकाळचे आकडे एका वहीत लिहा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करतात का, हे हळूच विचारा, कारण आपल्याकडची बरीच बीपी औषध सोडल्यामुळेच वाढलेली असते. आणि न्यूमोनियाच्या दिवशी काय झालं ते त्यांना श्वास मोजून दाखवून सांगा. लेकरू झोपलेलं असताना त्यांच्या हातात घड्याळ द्या आणि मिनिटभर पोट बघायला लावा. नातवाचा श्वास मोजणारी आजी घरात असली तर पुढच्या पावसाळ्यात ‘आज न्यायचं की उद्या’ हे तुमच्याआधी त्याच सांगतील.

त्यांच्या गोळ्या संपायला आठवडा उरला असेल तेव्हाच उपकेंद्रात जा, संपल्यावर नाही. जुन्या चिठ्ठ्या, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, पाकिटं आणि ती वही एका पिशवीत घ्या. उपकेंद्राच्या पडद्यावर डॉक्टर आले की पहिलं बोलणं सासूबाईंना करू द्या.